इंजिन भंगारात घालण्याआधी ते उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की आमच्या वर्कशॉपात दोन तऱ्हेची छोटी इंजिनं येऊन पडतात. एक खानापूर-जांबोटी भागातल्या शेतकऱ्यांच्या ब्रश कटरची आणि फवारणी पंपांची. दुसरी, अलीकडे वाढलेली, पोरांच्या रिमोटवर पळणाऱ्या पेट्रोल ट्रकांची. गाऱ्हाणं मात्र दोघांचं एकच: "काका, दोरी ओढून ओढून हात गळाले, चालू होईना. इंजिन गेलंय म्हणालेत. नवीनच घालायचं काय?"

हे असं कुणी प्लगसुद्धा न काढता सांगितलेलं असतं, याचा मला मनापासून राग येतो. पालक बिचारे पोराचं तोंड बघून नव्या इंजिनाचे पैसे मोजतात आणि चांगलं इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर जातं. ज्या बेळगावातलं ओतकाम आणि मशिनिंग देशभर जातं, त्या बेळगावात हे व्हावं? म्हणून हे पत्र.

खऱ्या गाडीच्या एक पंचमांश मापाचे जे मोठे ट्रक असतात, त्यांचं इंजिन साधारण २३ ते ३० सीसीचं, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. झेनोआ या जपानी कंपनीचं जी२३० इंजिन उघडलं तर ब्रश कटर दुरुस्त करणाऱ्याला त्यात अनोळखी काही सापडणार नाही: तीच दोरी, तसाच मॅग्नेट, तसाच वॉलब्रो कंपनीच्या धर्तीचा डायफ्रॅमचा (पातळ लवचिक पडद्याचा) कार्बरेटर. (छोटे नायट्रो ट्रक वेगळे. त्यांना स्पार्क प्लगऐवजी तापून लाल होणाऱ्या तारेचा ग्लो प्लग असतो आणि मिथेनॉल-नायट्रोमिथेनचं इंधन लागतं. त्यांच्या टाकीत पेट्रोल ओतू नये.)

चालू न होणाऱ्या इंजिनाचा प्लग आधी काढावा. ओला आहे, कोरडा आहे की काळाकुट्ट, यातच निम्मं निदान होतं. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, करंट बघा. सांडलेलं पेट्रोल पुसून, उघड्या हवेत, प्लग सिलिंडरच्या भोकापासून लांब पण इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून दोरी ओढावी. स्पार्क दिसत नसेल तर कॉइलवर (स्पार्कचा करंट तयार करणाऱ्या भागावर) संशय घेण्याआधी बंद करायच्या बटणाची वायर सोडून बघा. ट्रकात ती चॅसीला घासून सोलते, तिची तार धातूला टेकते आणि करंट तिथंच उतरून जातो. पोरं नवीन कॉइल मागवून बसतात आणि दोष असतो बोटभर वायरीत. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट साधारण ०.३ मिमी हवी, एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून बसवली की झालं. या इंजिनांत एनजीकेचा सीएमआर७एच हा प्लग बरेच जण वापरतात, त्याची फट ०.६ ते ०.७ मिमी ठेवावी.

प्लग कोरडा असेल तर मात्र कार्बरेटरकडे वळावं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक "गेलेली" इंजिनं इथंच जिवंत होतात. नंदगडकडच्या एका शाळकरी मुलानं आणलेला ट्रक सांगतो. चोक लावला की चालू व्हायचा, चोक काढून रेस दिली की मरायचा. पिस्टन गेलाय, असं त्याला सांगण्यात आलं होतं. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघितला तर बाजू स्वच्छ, एकही उभा ओरखडा नाही. दोरी सावकाश ओढली तर दर फेऱ्याला चांगला दाब लागत होता. चोकवर चालतो आणि चोकशिवाय मरतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. कार्बरेटरची खालची पत्री झाकणी खोलली. आतला डायफ्रॅम बोटानं दाबला की मऊ लवायला हवा, हा एक्स-रेच्या फिल्मसारखा ताठ झालेला, दाबल्यावर कडकड वाजत होता. दुसऱ्या बाजूला, पंपाच्या झाकणाखाली, नखापेक्षा लहान जाळी असते. ती पिवळसर चिकट थरानं बुजलेली. डायफ्रॅम-पॅकिंगचा किट घातला, जाळी धुतली, ट्रक पळाला. इंजिनाच्या किमतीपुढं किटचा खर्च किरकोळ.

कार्बरेटर परत बसवताना एक गोष्ट सगळेच विसरतात. कार्बरेटर आणि इंजिनाच्या मधल्या पॅकिंगला एक बारीक भोक असतं. क्रॅंककेसमधला (पिस्टनखालच्या पोकळीतला) दाब त्या भोकातून येतो आणि त्यावरच पेट्रोलचा पंप हलतो. पॅकिंग उलटं बसलं की भोक झाकतं, मग कितीही दोरी ओढा, प्लग कोरडाच. आणि रेस सोडल्यावरही इंजिन बराच वेळ वरच्या आवाजात राहत असेल तर तिथूनच किंवा ऑइल सीलमधून हवा शिरतेय असं समजावं. हे चालवत राहिलं तर मात्र पिस्टन खरोखरच जातो. थोडा वेळ नीट चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, हवेची वाट बुजलेली असते.

आता पेट्रोलविषयी. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरला ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या विक्रीला सुरुवात झाली आणि आता पंपावर सर्रास तेच मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसातून येतं, ऊसवाल्याच्या घरात त्याचे पैसे येतात, माझा त्याला विरोध नाही. पण छोट्या इंजिनांचे बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि खानापूरच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा! जून ते सप्टेंबर टाकीत राहिलेलं पेट्रोल रबर आणि डायफ्रॅम खातं, कार्बरेटरला आतून गंज चढवतं. म्हणून ट्रक ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि उरलेल्या थेंबांवर इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवावं. मिश्रण लागेल तेवढंच करावं: २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल घालू नये.

ई२० वर इंजिनाला पेट्रोल किंचित जास्त लागतं. कार्बरेटरवरचे एल (कमी रेसचा) आणि एच (जास्त रेसचा) हे पेट्रोलचे दोन्ही स्क्रू हलक्या हातानं टेकवून साधारण दीड फेरा उघडले की सुरुवात होते, पुढचं कानानं. एच जरा उघडा ठेवून बारीक बारीक आवळत यावं आणि आवाज चरचरीत, कोरडा होण्याच्या आधी थांबावं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. सुट्टीत चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर ट्रक पळवणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. खाली हवा दाट, म्हणून इथं जुळवलेलं इंजिन तिथं पेट्रोलला उपाशी राहतं आणि तापतं. उतरल्यावर एच थोडा उघडावा. जांबोटीच्या लाल मातीत चालवणाऱ्यांनी एअर फिल्टरचा फोम धुऊन, तेल लावूनच घालावा. कोरड्या फोममधून धूळ थेट पिस्टनच्या रिंगांपर्यंत जाते.

पालकांना एक कळकळीची विनंती. हा ट्रक दहा किलोच्या वर भरतो आणि दुचाकीच्या वेगानं धावतो. रिसीव्हरची बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला की तो रेस अडकून सुसाट सुटू शकतो. सिग्नल गेला की ब्रेक लागेल असा फेलसेफ लावलाय का, कार्बरेटरला परतीची स्प्रिंग आहे का, हे पोराला विचारा. चालू करताना आधी हातातला रिमोट, मग गाडीतला रिसीव्हर. बंद करताना उलट. गर्दीच्या मैदानात किंवा रस्त्यावर हे ट्रक अजिबात नकोत.

संपादकसाहेब, या इंजिनांची पुस्तकं इंग्रजीत नाहीतर चिनीत येतात. गावाकडच्या पोराला आणि ब्रश कटरवाल्या शेतकऱ्याला मराठीत वाचायला काहीच नाही. आपण आठवड्यातून पाव पान द्यावं, मजकूर मी लिहून देतो. मापं आणि आकृत्या तपासायला उद्यमबाग या आपल्या औद्योगिक वसाहतीतले जुने मिस्त्री तयार आहेत. पेट्रोल पंपवाल्यांनीही इथेनॉल किती टक्के आहे ते मराठी आणि कन्नडमध्ये ठळक लिहावं, हे आपल्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोचावं. पहिला भाग कार्बरेटरच्या डायफ्रॅमवर घ्या, आणि जमलं तर दिवाळीची सुट्टी लागायच्या आत छापा. त्याच सुट्टीत ही पोरं पावसाळाभर पडून राहिलेले ट्रक बाहेर काढतात.

आपला,
एक इंजिन मेकॅनिक,
अनगोळ, बेळगाव