मासिक सभेचे इतिवृत्त गावकऱ्यांना वाचायला मिळावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीची बातमी वृत्तपत्रांत येते ती बहुधा निवडणूक लागली म्हणून, नाहीतर सरपंचांवर अविश्वास ठराव आला म्हणून. एरवी दर महिन्याला पंचायतीच्या कार्यालयात जी मासिक सभा भरते, जिच्यात पंपाच्या विजेच्या बिलापासून घराच्या वारसनोंदीपर्यंत गावाचा सारा व्यवहार ठरावांच्या रूपाने कागदावर उतरतो, तिच्याविषयी कोणी चकार शब्द लिहीत नाही. तिथे वादावादी क्वचितच होते, म्हणून बातमीही होत नाही. माझे म्हणणे या सभेबद्दल, आणि नेमके सांगायचे तर तिच्या इतिवृत्ताबद्दल आहे.

हे पत्र मुंबईहून का, असा प्रश्न कोणालाही पडेल. राज्यातील 36 जिल्ह्यांपैकी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोनच जिल्ह्यांत जिल्हा परिषद नाही आणि ग्रामपंचायतही नाही. मात्र परळ, लालबाग, घोडपदेवपासून भांडुपपर्यंत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे घर गावी आहे, त्या घराची पट्टी ती भरतात, आणि गणपतीला व मे महिन्यात त्या घराचे दार उघडतात. गावोगावची ग्रामस्थ मंडळे मुंबईत आजही टिकून आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाचेही असे मंडळ असून मी त्याचा चिटणीस आहे. परळमधील एका शाळेच्या वर्गात आमची सभा भरते, तेव्हा वर्गणी आणि देवळाच्या कामाचा हिशेब लवकर आटोपतो. पुढचा सगळा वेळ पंचायतीने काय केले आणि काय केले नाही यावर जातो. ही चर्चा ऐकीव माहितीवर चालते. कोणाच्या चुलतभावाने फोनवर काही सांगितलेले असते, कोणाच्या मोबाइलवर अर्धवट छायाचित्र आलेले असते, आणि तेवढ्यावर सरपंचांची संभावना करून मंडळी उठतात. मंडळाचा पदाधिकारी म्हणून हे सतत ऐकत आल्यामुळे मला असे वाटू लागले आहे, की यातील निम्मे वाद कागद समोर असता तर उद्भवलेच नसते, आणि उरलेले निम्मे अधिक धारदार झाले असते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 हा कायदा 2012 पर्यंत मुंबई ग्रामपंचायत अधिनियम या नावानेच ओळखला जात होता. त्यातील नियमांनुसार पंचायतीची सभा दर महिन्याला किमान एकदा व्हावी लागते, आणि पुरेशा कारणाशिवाय सभा न बोलावणारे सरपंच कलम 36 प्रमाणे त्या पदावर राहण्यास अपात्र ठरू शकतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही सभा निव्वळ उपचार नाही. ग्रामसभा वेगळी आणि मासिक सभा वेगळी, हा फरकही लोकांच्या लक्षात राहत नाही. ग्रामसभा गावाच्या सर्व मतदारांची असते. आर्थिक वर्षात तिच्या किमान चार बैठका व्हाव्या लागतात, आणि तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. मासिक सभा निवडून आलेल्या सात ते सतरा सदस्यांची. ग्रामसभेत आवाज चढतात, गणपूर्तीअभावी ती तहकूबही होते आणि त्याची गावभर चर्चा होते. पण धनादेशावर सही होण्याआधीचा ठराव सहसा मासिक सभेतच झालेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात गावी असताना उपसरपंचांच्या परवानगीने मला अशा एका सभेत मागच्या बाकावर बसायला मिळाले. विषयपत्रिका नेहमीचीच होती: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे, आलेल्या अर्जांवर विचार करणे, शासकीय परिपत्रकांचे वाचन, घरपट्टी-पाणीपट्टी वसुलीचा आढावा, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. पहिला विषय, म्हणजे इतिवृत्ताचे वाचन, चहाचे कप रिकामे व्हायच्या आत संपला. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे ज्यांना गावात अजूनही ग्रामसेवकच म्हणतात त्यांनी, ठरावांचे क्रमांक आणि शीर्षके वाचली, कोणीतरी ‘कायम’ म्हणाले, आणि प्रोसिडिंग पुढे सरकले. खर्चाच्या यादीत नळपाणी योजनेच्या मोटरचे रिवाइंडिंग होते, पाणी शुद्ध करण्याची टीसीएल पावडर होती, पथदिव्यांचे दिवे होते, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार होता. एका महिला सदस्यांनी विचारले, की मोटर मागच्याच पावसाळ्यात रिवाइंड केली होती ना? ग्रामसेवक म्हणाले, ‘ताई, ती खालच्या वाडीची.’ त्या गप्प झाल्या. प्रश्न रास्त होता, उत्तरही कदाचित खरे असेल. ते पडताळायचे तर मागच्या पावसाळ्यातल्या सभेचे इतिवृत्त हाताशी हवे होते, आणि ते कपाटात कुलूपबंद होते.

मी हे कोणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमचे ग्रामसेवक दोन गावे सांभाळतात. नमुना 5 ची रोकडवही, नमुना 8 ची करआकारणी, नमुना 9 ची कर मागणी अशी 33 नमुन्यांपर्यंत जाणारी दप्तरे आणि त्यांच्या जोडीला तेच सगळे पुन्हा संगणकावर भरणे, हे काम त्यांच्यामागे आहे. त्यांच्या ठिकाणी मी असतो तर मीही शीर्षकेच वाचली असती. पण प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, एक गोष्ट दिसली आणि ती खटकली. हजेरीच्या सह्या सभेच्या सुरुवातीलाच होतात, ठराव मात्र नंतर सवडीने लिहिले जातात; एका पानावर शेवटचा ठराव अर्ध्यावर संपला होता, खाली चार-पाच ओळींची जागा कोरी होती आणि त्या कोऱ्या जागेखाली अध्यक्षांची सही होती. त्या जागेत काही लिहिले गेले असे मी म्हणत नाही. परंतु तिथे तिरकी रेघ मारून ती बंद करायला एक क्षणही लागत नाही, आणि ती मारलेली नव्हती. ठरावापुढे सूचकाचे व अनुमोदकाचे नाव लिहायचे असते ते बऱ्याच ठिकाणी एकाच शाईत, एकाच बैठकीत भरल्यासारखे वाटत होते.

मुंबईकरांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक विषय वारसनोंदीचा. वडील वारले की घराच्या उताऱ्यावर मुलांची नावे लागावीत म्हणून पंचायतीकडे अर्ज जातो आणि त्यावरचा निर्णय मासिक सभेच्या ठरावाने होतो. अर्ज गावात राहणाऱ्या भावाने केलेला असतो. मुंबईतल्या भावाचे आणि सासरी गेलेल्या बहिणीचे नाव त्यात असतेच असे नाही. नमुना 8 वरील नोंद ही करआकारणीची नोंद आहे, मालकीहक्काचा निर्णायक पुरावा नव्हे, हे वकील सांगतात आणि ते बरोबर आहे; तरीही घरदुरुस्तीची परवानगी, विजेचे मीटर, कर्जाचे कागद या प्रत्येक ठिकाणी तोच उतारा मागितला जातो. आमच्या मंडळातील एका सभासदाला आपले नाव उताऱ्यावर नाही हे घराचे कौल उतरवून पत्रे घालायला निघाल्यावर कळले. ठराव कित्येक वर्षे आधी झाला होता, सर्वानुमते मंजूर होता, आणि कोणी आडकाठी केल्याची नोंद नव्हती. कारण आडकाठी करायला ज्याला कळायला हवे होते तो माणूस गिरणगावात होता. आता दोघे भाऊ दिवाणी न्यायालयात आहेत. इतिवृत्ताची प्रत त्याच महिन्यात फलकावर लागली असती तर शेजाऱ्यांपैकी कोणीतरी फोन नक्की केला असता.

‘ऐनवेळचे विषय’ हा दुसरा नाजूक भाग. अचानक फुटलेली जलवाहिनी, पावसात खचलेला साकव अशी तातडीची कामे पुढच्या महिन्यापर्यंत थांबू शकत नाहीत, म्हणून ही सोय आहे आणि ती असलीच पाहिजे. मात्र आदल्या सभेच्या विषयपत्रिकेत सहज बसला असता असा खर्च जेव्हा या शीर्षकाखाली येतो, तेव्हा गैरहजर सदस्यांना त्याची कुणकूणही लागत नाही. इतिवृत्त सर्वांसमोर राहिले तर हा मोह आपोआप कमी होईल, असा माझा कयास आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मी गावकऱ्यांच्या तोंडूनच ऐकला आहे: मुंबईच्या माणसांनी गावच्या कारभारात लुडबूड का करावी? त्यात तथ्य आहे. ग्रामसभेचे सभासदत्व गावच्या मतदारयादीवरून ठरते. ज्याचे मत परळमध्ये आहे त्याला ग्रामसभेत मत नाही, आणि ते नसावे असेच माझे मत आहे. भाड्याच्या गाड्या भरून मतदानापुरते गावी जाणाऱ्यांची बाजू मला कधीच पटलेली नाही. वर्षभर विहिरीचे पाणी जो ओढतो त्यानेच पाण्याचा निर्णय घ्यावा. मी मागतो आहे तो वाचनाचा अधिकार, आणि तो गावात राहणाऱ्यालाही आज सहजी मिळत नाही.

वास्तविक तो कायद्याने आधीच दिलेला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या मंडळांच्या व समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत किंवा कसे, आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहायला मिळतात किंवा कसे, हे स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहे. कोणी अर्ज केला तर 10 रुपये शुल्क आणि पानामागे 2 रुपये भरून प्रत मिळते, 30 दिवसांची मुदत असते. पण दर महिन्याच्या इतिवृत्तासाठी दर महिन्याला अर्ज करणारा माणूस गावात वैरी ठरतो, आणि पंचायतीलाही ते उत्तर देण्याचे वेगळे काम लागते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे आराखडे आणि देयके 2020 मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर दिसतात, ही खरोखर चांगली सोय आहे. आमच्या मंडळातील तरुण मुले तेथूनच आकडे काढून आणतात. परंतु ती पैशाची एक बाजू झाली. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर यांतून उभा राहणारा पंचायतीचा स्वतःचा निधी, त्यातून मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करण्याचे बंधन, आणि तो खर्च नेमका कशावर झाला, हे समजण्याची जागा म्हणजे मासिक सभेचे इतिवृत्तच. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 2025 च्या ऑगस्टमध्ये ‘सभासार’ नावाची संगणकीय सोय आणली. तिच्यामुळे ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार होतो. ती सोय मासिक सभेलाही लावता येईल. मात्र आमच्या गावी मोबाइलला रेंज मिळवायला देवळाच्या मागच्या टेकाडावर जावे लागते, तेव्हा तूर्त हस्तलिखित प्रतीवर समाधान मानायला आमची हरकत नाही.

मुंबईकरांनी ही मागणी वरच्या आवाजात करू नये, असेही वाटते. 7 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ या शहरात स्थायी समितीची सभाही नव्हती आणि महापालिकेची सर्वसाधारण सभाही नव्हती. दोन्हींचे निर्णय प्रशासकांच्या सहीने होत राहिले. त्या काळात आमच्या रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचा प्रस्ताव कोणी मांडला आणि त्यावर कोणी काय विचारले, हे शोधायला गेल्यावर सभेचे इतिवृत्त मिळणे शक्यच नव्हते, कारण सभाच झालेली नव्हती. गावात निदान दर महिन्याला सात माणसे एका टेबलाभोवती बसतात.

ग्रामविकास विभागाने एक साधे परिपत्रक काढावे, एवढीच विनंती आहे. मासिक सभेचे इतिवृत्त कायम झाल्यापासून सात दिवसांच्या आत त्याची सहीची प्रत आणि त्या महिन्यात मंजूर झालेल्या देयकांची यादी पंचायतीच्या फलकावर लावावी. वारसनोंदीचे अर्ज ठरावापूर्वीच, म्हणजे विषयपत्रिकेसोबत, अर्जदार व इतर संभाव्य वारसांच्या नावांसह प्रसिद्ध करावेत. आणि प्रोसिडिंग बुकातील कोरी जागा रेघ मारून बंद केल्याशिवाय अध्यक्षांनी सही करू नये. यातील एकाही गोष्टीला नवा निधी लागत नाही. आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा वार्ताहरांनी एखाद्या तालुक्यातील पंचायतींचे फलक प्रत्यक्ष पाहून तेथे आज काय लावलेले आहे याची बातमी केली, तर विभागापर्यंत हे लवकर पोहोचेल.

आमच्या पंचायतीच्या भिंतीवरचा फलक पावसाने फुगून त्याची फळी सुटली आहे, आणि कागद लावला तरी तो टिकत नाही, ही अडचण ग्रामसेवकांनी मला बोलून दाखवली आणि ती खरी आहे. म्हणून मंडळाच्या गेल्या सभेत आम्ही काचेचे दार आणि कुलूप असलेला फलक गावाला देण्याचे ठरवले असून त्याचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून होईल. ही देणगी स्वीकारण्यासाठी पंचायतीला मासिक सभेत ठराव करावा लागेल. पत्र आम्ही पाठवले आहे; तो ठराव झाला की त्याची प्रत त्याच फलकावर पहिली लावावी, असेही त्यात लिहिले आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
ग्रामस्थ मंडळाचा एक चिटणीस,
परळ, मुंबई