तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून लिहितेय. तुम्हाला विचारलं, माझ्या धाकट्या भावालाही विचारलं. नाव कुणाचंच घालायचं नाही ही तुमची अट पाळतेय.

त्या रात्री आमच्याकडचा आरडाओरडा ऐकून तुम्ही खाली आलात, दार लावून घेतलंत आणि आईला म्हणालात, "माझ्या मुलालाही हेच झालं होतं." वर्तकनगरच्या या इमारतीत इतकी वर्षं एकाच जिन्याने ये-जा करतोय, पण तुमच्या मुलाच्या आजाराचा आम्हाला पत्ता नव्हता. अशी गोष्ट सोसायटीत फुटली की तिचं काय होतं हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. तरी सांगितलंत. माझ्यासाठी सगळ्यात मोठे उपकार हेच.

महापेला नोकरी करणाऱ्या माझ्या भावाची आधी झोप उडाली, मग त्याने मित्रांचे फोन घेणं सोडलं. पुढे वायफायच्या राउटरवर त्याने ओला टॉवेल टाकला. जिन्यातला कॅमेरा आपल्यावरच रोखलाय, खालून जाणारी माणसं आपल्याबद्दलच बोलतायत, असं तो म्हणायला लागला. कुणी नसताना त्याला आवाज यायचे. शेवटी आईच्या हातचं जेवणही बंद झालं, त्यात काहीतरी मिसळलंय म्हणून. केळी आणि न सोललेली उकडलेली अंडी तेवढी खायचा, कारण टरफल शाबूत असेल तर आत कुणाला काही घालता येत नाही. मामा देवऋषाचं नाव काढत होते. आत्या म्हणत होती, लग्न करून द्या, ताळ्यावर येईल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटीत अंडी घेऊन आलात. न सोलता! आईने आदल्या रात्री जे सांगितलं होतं, ते नेमकं लक्षात ठेवून. त्याच्यासमोर जमिनीवर बसलात. "असं काही नसतं रे" म्हणाला नाहीत आणि "हो, लोक तुझ्या मागे आहेत" असंही म्हणाला नाहीत. "इतकी भीती वाटत असेल तर झोप कशी लागणार बाळा?" एवढंच विचारलंत. कितीतरी दिवसांनी तो रडला. मग तुम्ही म्हणालात, निदान झोपेसाठी तरी डॉक्टरांना दाखवू. आजार आहे हे त्याला पटतच नव्हतं. ते न पटणं हासुद्धा याच आजाराचा भाग असतो, हे मला तुमच्याकडून कळलं. झोप येत नाही हे मात्र त्याला मान्य होतं. तो आपल्या पायांनी रिक्षात बसला.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, थायरॉइड आणि बी-12 पाहिलं, गांजा वगैरे घेतो का तेही विचारलं. सायकोसिस म्हणजे भास आणि भ्रम यांमुळे खरं काय हे ओळखताच न येणं, असं त्यांनी समजावलं. त्यामागे स्किझोफ्रेनिया असू शकतो, बायपोलर, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार, किंवा तीव्र नैराश्य असू शकतं, नशा किंवा शरीराचा एखादा आजारही असू शकतो. नाव ठरायला वेळ लागतो, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. लक्षणं दिसू लागल्यापासून औषध सुरू होईपर्यंतचा काळ जितका कमी, तितकं बरं होण्याच्या दृष्टीने चांगलं, असंही ते म्हणाले. काकू, तो काळ तुम्ही कमी केलात.

गोळ्या सुरू झाल्यावरचे पहिले आठवडे फार कठीण गेले. आवाज लगेच थांबले नाहीत. अंग जड, हात आखडलेले, भूक बेसुमार. तेव्हा तुम्ही वही घालायला लावलीत: झोप किती, गोळी केव्हा, तक्रार काय. ती वही पाहूनच डॉक्टरांनी डोस बदलला. बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे तुम्ही स्वतःच्या मुलाचं उदाहरण देऊन सांगितलंत. त्याने त्या परस्पर सोडल्या आणि दुखणं उलटलं होतं. ते सांगताना तुमचा आवाज कापत होता. आईच्या पूजेला तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत. "पूजा करा, गोळी चुकवू नका," एवढंच. आणि बाबांना स्पष्ट सांगितलंत की घरात टोमणे आणि सततची टीका असेल तर आजार उलटायचा धोका वाढतो. बाबांना इतकं थेट दुसरं कुणी बोलू शकलं नसतं.

"याला ठाण्याला पाठवा" असं लोक हसत म्हणतात. आपण ठाण्यातच राहतो, आणि 1901 सालापासून असलेलं ते मनोरुग्णालय आम्हाला भिंतीपलीकडे कधी माहीतच नव्हतं. तिथल्या ओपीडीत माणसं तपासून घेतात, औषधं घेतात आणि घरी परततात, हे तुम्ही सांगितलंत. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेबद्दलही पहिल्यांदा तुमच्याकडूनच ऐकलं. रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आमच्या फ्रिजवर तुम्ही स्वतः चिकटवलात. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाला उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. त्याने माझं नाव दिलंय. ते लिहून देताना त्याचं अक्षर पूर्वीसारखं सरळ आलं होतं.

आता तो अर्धा दिवस कामाला जातो. मधूनच संशय डोकावतो, तेव्हा स्वतःहून सांगतो. गोळ्या चालू आहेत.

अशा वेळी तुम्ही एकट्याने किती घरांचे जिने चढणार? आपल्या इमारतीत, शेजारच्या विंगमध्ये, कुठेही कुणाला गरज पडली तर माझा नंबर द्या. मी येईन, आणि आमच्या घरी काय झालं होतं ते सांगेन.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची