एक तृतीयांश, पण कोणासाठी?

माननीय संपादक, स. न. वि. वि.

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून सारांशलेखन असते. अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश आपल्या शब्दांत लिहायचा, गुण सहा. पत्राला मायना, विषय, समारोप लक्षात ठेवावा लागतो. इथे उतारा समोरच छापलेला, म्हणून बरीच मुले डोळे मिटून हाच पर्याय घेतात.

आमच्या इमारतीतली दहावीची काही मुले संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येतात. परवा एकीचा सारांश ‘त्यामुळे’ या शब्दानेच सुरू झाला होता. कशामुळे, ते काही सापडेना. मूळ उतारा पाहिला तेव्हा उलगडा झाला: तिने पहिली दोन वाक्ये गाळून तिसरे जसेच्या तसे उतरवले होते. खाली ‘अशा अनेक गोष्टींनी’ असेही होते, पण त्या गोष्टींचा पत्ता नव्हता. शब्द मात्र बरोबर एक तृतीयांश! क्लासमध्ये सांगतात म्हणे, पहिले वाक्य घ्या, शेवटचे घ्या, मधली उदाहरणे उडवा.

माझी नोकरी तहसील कार्यालयात गेली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. टिपणी लिहिणे हेच काम. शेतरस्ता अडवल्याचे दावे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली चालतात. पक्षकाराचा अर्ज चार-चार पानांचा. त्यात आजोबांनी जमीन कशी कसली, भावकीत वितुष्ट कसे आले, बैल कुठून न्यायचे, ऊस तोडून रानातच वाळतोय, सगळे येते. क्लासच्या पद्धतीने त्याचा सारांश केला तर आजोबा राहतील आणि दावा बुडेल. कारण हा दावा रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, आणि ती तारीख तिसऱ्या पानावर कुठेतरी ‘बेंदराच्या दुसऱ्या दिवशी नांगर घेऊन गेलो तर काट्या टाकलेल्या’ अशी, बैलांच्या सणाच्या हवाल्याने, दडलेली असते. रावसाहेब, म्हणजे तहसीलदार, टिपणी हातात घेतली की आधी विचारायचे, ‘अडवला कधी?’ म्हणून पहिल्या दोन ओळींत कोणी, कोणाचा, जमिनीच्या कोणत्या गटातून जाणारा रस्ता, कधी अडवला एवढे यायचे. मग पूर्वापार वहिवाटीला पुरावा काय, आणि मागणी काय. आजोबांची वहिवाट अर्ध्या ओळीत, भावकीचे भांडण बाहेर.

हाच अर्ज एखाद्या बातमीदाराने वाचला असता तर त्याने वाळणारा ऊस वर घेतला असता, आणि त्याचेही बरोबरच. काय ठेवायचे नि काय सोडायचे, हे वाचणारा पुढे काय करणार यावर ठरते. परीक्षेतल्या प्रश्नात हा वाचणाराच नाही. मग मुलांनी शब्द मोजण्यापलीकडे करायचे तरी काय? मोबाइल आता चुटकीसरशी सारांश काढून देतो. ‘कोणासाठी’ हे न सांगता विचारले तर तोही असाच गुळमुळीत देतो.

मी मुलांना उतारा दोनदा वाचून वही मिटायला लावतो. मग तो उतारा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माझ्या पत्नीला तोंडी सांगायचा. ती मध्येच ‘बरं, मग?’ म्हणाली की मुले फापटपसारा आपोआप सोडतात. त्यानंतर लिहायचे. वही उघडायची ती शेवटी, नावे, आकडे, तारखा ताडून पाहायला. यात ‘स्वतःच्या शब्दांत’ हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मंडळाने एवढेच करावे: प्रश्नात वाचणारा द्यावा. उतारा पाणीटंचाईवर असेल तर ‘ग्रामसभेत वाचून दाखवण्यासाठी साठ शब्दांत सारांश लिहा’ असे विचारावे, आणि नमुना उत्तरपत्रिकेत कोणते मुद्दे आलेच पाहिजेत ते तपासनिसांना लिहून द्यावे. ‘त्यामुळे’ने सुरू होणाऱ्या सारांशाला किती गुण द्यायचे, तेही एकदा ठरवून टाकावे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा