मा. गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र : दोन्हीकडून दोन टक्के

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,

सविनय नमस्कार. मी परिचारिका आहे, भांडुपला भाड्याच्या घरात राहते. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे. पत्रास कारण की, गेल्या रविवारी हातात आलेलं घर गेलं. ते का गेलं हे एजंटने नाही, घराच्या मालकीणबाईंनी सांगितलं.

मुलुंड पूर्व, जुनी सोसायटी, चौथा मजला, वन बीएचके, मागणी ९८ लाख. जाहिरातीत ‘ओनर’ लिहिलेलं, फोन उचलला एजंटने. “तुमचा ब्रोकर कोण?” कोणी नाही, म्हटलं. “मग मीच तुमचाही,” तो हसून म्हणाला. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? रात्रपाळी संपवून, डोळ्याला डोळा न लावता तीनदा गेले. मालक दर वेळी ‘गावाला’. तिसऱ्या वेळी चहा पिताना त्याने विचारलं, मॅडम, ताणून ताणून कितीपर्यंत? मी भाबडी. सांगून टाकलं, पीएफ काढला तर एक कोटी पाच. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन : दुसरी पार्टी आलीये, एक कोटी पाचच्या खाली मालक ऐकणार नाहीत. आकडासुद्धा नेमका माझाच!

तरी हो म्हटलं. मालकांच्या नावाने एक लाखाचा टोकनचा चेक एजंटच्या हातात दिला. ब्रोकरेज दोन टक्के, म्हणजे दोन लाख दहा हजार, वर जीएसटी. मी बिल मागितलं. तिथेच माझं चुकलं असावं, कारण रविवारी निरोप आला, “मालकांचं मन बदललं.”

मी सरळ त्या इमारतीत गेले. दार उघडलं एका आजींनी. म्हणाल्या, “अगं, आम्हाला तर सांगितलं नर्सबाई मागे हटल्या.” चेक त्यांनी पाहिलेलाच नाही. सौदा ठरला ९९ लाखांत. म्हणजे माझे एक कोटी पाच त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. आजींचे सहा लाख गेले, माझं घर गेलं, आणि तो मात्र दोघींचाही माणूस!

आता कायद्याकडे येते. २०१७ साली महारेरा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आलं तेव्हा आपल्या सरकारने सांगितलं होतं, दलालांना शिस्त लागेल. २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र सक्तीचं झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तक्रार घेऊन गेले तर खिडकीपलीकडून उत्तर, “रिसेल ना? मग आमच्यात बसत नाही.” कायदा नोंदणीकृत प्रकल्पांपुरता. नव्या टॉवरमध्ये विनानोंदणी एजंट सापडला तर दिवसाला १० हजार दंड, आणि रस्त्यापलीकडच्या जुन्या सोसायटीत त्यालाच मोकळं रान. सामान्य माणूस टॉवर घेतो की जुनी सोसायटी, साहेब?

बाई म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत दिलीत, आभारी आहे. तुम्ही एक सोडला, त्याने दोन मागितले. मुंबईत महिन्याला दहा हजारांवर दस्त नोंदले जातात. सरासरी एक कोटी धरा, दोन्हीकडून दोन-दोन टक्के धरा, महिन्याचे चारशे कोटी होतात. माझा हिशेब ढोबळ असेल, पण तुमच्याकडे तर तोही नाही. भांडुप स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत इस्टेट एजंटच्या अकरा पाट्या आहेत, दुधाची डेअरी एक.

मागणं फार नाही. जुन्या घरांच्या एजंटलाही नोंदणी लावा. तो कोणाचा माणूस आहे ते त्याने पहिल्याच दिवशी लेखी द्यावं. टोकनच्या पावतीवर मालकाची सही हवी.

पण ऐकणार कोण? माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी परत सुरू झालीच नाही. त्या जागेवर आता टॉवर आहे, त्याच्या गेटवर वॉचमन मला नाव विचारतो. भाऊ बदलापूरला गेला. उरलेल्या आम्ही इथे घर बघायला गेलो की पहिला प्रश्न, “नॉनव्हेज खाता का?” रात्री अडीच वाजता याच शहराच्या नळ्या-सुया सांभाळताना मला कोणी विचारत नाही मी काय खाते ते. कॅम्पेन, होर्डिंग, ‘सर्वांसाठी घरे’... २०२२ पर्यंत मिळणार होती ना सगळ्यांना? माझं कुठल्या फायलीत राहिलं?

माझ्या भाड्याच्या घराच्या मालकांनी ते रिकामं करायला महिनाअखेरची मुदत दिली आहे. नेहमीप्रमाणे ‘लोभ असावा’ लिहिणार होते, राहू दे.

आपली,
भांडुपची एक मतदार

ता. क. एजंटने चेक परत दिलेला नाही, म्हणतो ऑफिसात कुठेतरी असेल. मी बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट केलं. त्याचेही पैसे कापले, वर जीएसटी.