गोळी कपाटातच राहिली

माननीय संपादक,
स. न.

उपकेंद्रांवरील, एमबीबीएस नसलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला, तर ग्रामीण रुग्णांच्या जिवाशी खेळ होईल, असा इशारा देणारा कालच्या अंकातील लेख वाचला. लेखकांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण ज्या रुग्णांची काळजी त्यांना वाटते, त्यांना आज औषध कोण देते, याचा त्यात एका ओळीनेही विचार नसावा, याचा मनस्वी संताप आला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांचा रक्तदाब गावच्या उपकेंद्रात तपासला, तेव्हा वरचा आकडा 180 च्या घरात होता. तेथील अधिकारी बाई बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या असून सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही त्यांनी पूर्ण केलेला आहे. त्यांनी वडिलांना थोडा वेळ शांत बसवून दुसऱ्या दंडावर पट्टा बांधून पुन्हा मोजले, पायांवर सूज आहे का तेही दाबून पाहिले. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांच्या पाठीमागच्या कपाटात दिसत होत्या. परंतु उपचार सुरू करायचे ते प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्या तेवढ्या बाईंनी द्यायच्या, असा शिरस्ता आहे. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांना गाठावे तर रेंज नाही. आरोग्य केंद्रावर जावे तर डॉक्टर बैठकीसाठी तालुक्याला गेलेले. अखेर बाजारातल्या मेडिकलवाल्याने, ‘बीपीची गोळी द्या’ एवढ्या शब्दावर, चिठ्ठी न मागता पट्टी काढून हातात ठेवली. जिने दोनदा तपासले तिला मनाई आणि ज्याने रुग्णाकडे पाहिलेही नाही त्याला मोकळीक, ही आजची स्थिती आहे, आणि तिच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 32 मध्ये एमबीबीएस नसलेल्या अशा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेला परवाना मर्यादित आहे. ठरवून दिलेली औषधे, तीही प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेपुरतीच स्वतंत्रपणे द्यायची. त्यापलीकडे नोंदणीकृत डॉक्टरांची देखरेख बंधनकारक. वाचकांना हे सांगायला हवे होते. ब्रिटनमध्ये 2018 पासून अनुभवी पॅरामेडिकना (रुग्णवाहिकेवरील तातडीच्या सेवेच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना) वेगळे प्रशिक्षण पूर्ण करून, नोंदणीत तशी नोंद झाल्यावर, स्वतंत्रपणे औषधे लिहिता येतात, आणि त्यांतील काही जण फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत काम करतात. आपल्याकडचे सहा महिने अपुरे आहेत, ते वाढवा, परीक्षा कडक करा, अशी मागणी लेखकांनी केली असती, तर तिच्यावर मी पहिली सही केली असती.

आणखी एक. आपल्या जिल्हा पुरवणीत आरोग्य केंद्रांची बातमी येते ती उद्‌घाटनाची. वैद्यकीय अधिकाऱ्यांची किती पदे रिक्त आहेत आणि भरलेल्या पदांवरचे डॉक्टर प्रत्यक्ष केंद्रावर किती वेळ असतात, याची तालुकावार माहिती आपण छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक