ताई, जुने कर्नल काढून दिल्याबद्दल मनापासून आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या संगणकावर सभासदांची नोंद आहे, पुस्तकांची देवघेव आहे, आणि संध्याकाळी मुलं त्यावरच स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात. त्यातल्या उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीने अपडेट घेणंच बंद केलं. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येई आणि हार्ड डिस्क तर अर्धी रिकामी! तुम्ही बघताक्षणी म्हणालात, “डिस्क नाही, बूट भरलंय.”

सभासदांची माहिती सुरक्षित राहावी म्हणून ती डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलपात ठेवलेली आहे. त्यामुळे बूटचं, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फायलींचं पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) वेगळं आणि लहान. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा; दर नव्या कर्नलबरोबर तिथे व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी अशा दोन भल्यामोठ्या फायली येतात, आणि नवा आला म्हणून जुना लगेच जात नाही. ५.१५ या आवृत्तीचे एकामागून एक कर्नल तिथे साठले होते.

तुमच्याआधी ज्यांना संगणक दाखवला, त्यांतल्या एकाने सरळ सगळं फॉरमॅट करायला सांगितलं होतं. दुसरा म्हणाला, बूटमधल्या जुन्या फायली हाताने उडवा. तुम्ही दोन्हीला ठाम नकार दिलात, आणि का ते समजावूनही सांगितलंत. हाताने फाइल उडवली तरी डीपीकेजीच्या (बसवलेल्या सॉफ्टवेअरची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) लेखी ते पॅकेज असतंच, कर्नलचे जोडभाग म्हणजे मॉड्यूल्स लिब फोल्डरमध्ये जागा अडवून बसतात, आणि उडवलेल्या कर्नलचं नाव ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीत राहून जातं. इतक्या शांतपणे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मला सर्वांत भावला तो तुमच्या कामाचा क्रम. पहिल्यांदा नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर. मग ‘युनेम -आर’ चालवून सध्या कोणता कर्नल चालू आहे ते बघितलंत आणि तो आकडा कागदावर लिहून कीबोर्डशेजारी ठेवलात. मग बसवलेल्या कर्नलांची यादी. नको असलेली पॅकेजं आपोआप काढणारी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा अडली, कारण नवा कर्नल अर्धवट बसला होता. तेव्हा सगळ्यात जुना एकच, पूर्ण नावानिशी, डीपीकेजीने काढलात. एंटर दाबण्याआधी नावातला आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिलात, तेही बोट ठेवून. तेवढी जागा मोकळी होताच अर्धवट राहिलेलं काम एपीटीने पुरं केलं, आणि मग ऑटोरिमूव्हही सुरळीत चाललं. ग्रबची यादी आपोआप नवी झाली.

नव्या कर्नलसोबत त्याच्या आधीचा एक मुद्दाम ठेवलात, हे तर फारच बरं केलंत. उद्या नव्यावर वायफाय किंवा प्रिंटर रुसला, तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्यावर जाता येईल. ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ या पॅकेजला मात्र कधीच हात लावू नका, ते गेलं तर पुढचे कर्नल आपोआप येणार नाहीत, हे तुम्ही आमच्या ग्रंथपालबाईंकडून दोनदा वदवून घेतलंत. त्यांनी ते आता रजिस्टरच्या आतल्या पानावर लिहून ठेवलंय.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतलात. पण तुमचा वेळ, तुमची काळजी आणि आमच्या मुलांच्या अर्जांची तुम्हाला वाटलेली चिंता आम्ही विसरणार नाही. वाचन कक्षातल्या दुसऱ्या मशीनवरही आम्ही याच क्रमाने काम केलं आहे. एकदा सवडीने येऊन नजर टाका, ही विनंती.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता