विम्याची काळजी नको

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

आम्ही सगळे मजेत आहोत. लॉस एंजेलिसची आग टीव्हीवर बघून बाबा रात्रभर झोपले नाहीत म्हणे. अहो, ते आमच्या सॅक्रामेंटोपासून सहाशे किलोमीटर लांब! आणि आमच्या घराचा विमा गेला असं तुमच्या कानावर आलं, तेही अर्धंच खरं. जुन्या कंपनीनं पॉलिसी पुढे चालू ठेवली नाही, पण दुसरीनं दिली. हप्ता वाढला, एवढंच. कोणीच दिली नसती तरी ज्यांना कुठेच विमा मिळत नाही त्यांच्यासाठीचा, 1968 पासूनचा फेअर प्लॅन आहेच.

बाबा, तुमची उभी हयात एलआयसीत गेली, म्हणून मुद्दाम सांगते. इथे कॅलिफोर्नियात विमा आयुक्त, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी, मतदानानं निवडतात! आपल्याकडे इर्डाचे, म्हणजे विमा नियामक संस्थेचे, अध्यक्ष केंद्र सरकार नेमतं. शेजारच्या बाईंनी पोस्टानं आलेली मतपत्रिका आमच्या टेबलावर पसरली. वर गव्हर्नर, खाली विमा आयुक्त, नावापुढची जागा पेनानं भरायची. पूर्वी इथेही गव्हर्नरच नेमायचे. पण गाडीच्या विम्याचे हप्ते इतके चढले, की 1988 मध्ये लोकांनी स्वतः मतदान करून प्रपोझिशन 103 हा कायदाच केला. कंपन्यांनी विरोधात सहा कोटी डॉलरहून जास्त ओतले, तरी 51 टक्के मतं मिळून तो पास झाला. दर 20 टक्के उतरवा, वाढवायचे तर आधी आयुक्तांची मंजुरी घ्या, आणि आयुक्त लोकांनी निवडायचा. 1990 ला जॉन गारामेंडी पहिले निवडून आले.

निवडून आलेला माणूस कंपन्यांना सांभाळून घेणार नाही कशावरून, असं तुम्ही विचारणारच. ती भीती खोटी नाही. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपानंतर कंपन्यांनी दाव्यांत घोळ घातले. पुढे आयुक्त झालेले चक क्वॅकेनबुश यांनी जबर दंड करायचा सोडून कंपन्यांना एका फाउंडेशनला पैसे द्यायला लावले, आणि त्या पैशातून ज्या टीव्ही जाहिराती झाल्या त्यांत हे आयुक्तच दिसले. विधिमंडळानं चौकशी लावली, 2000 साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. जाब विचारता येतो, म्हणून मला ही पद्धत पटते.

मुक्ताच्या लग्नाच्या कार्यालयाचे दोन लाख परवा पाठवलेत. हप्त्यामुळे माझा हात आखडलाय असं मनातही आणू नका. फक्त सुट्टी कमी मिळतेय, हळदीच्या दिवशीच पोचेन. केळवणं, बस्ता, रुखवत, सगळं आईवर पडणार, हे कळतंय मला. आई, मावशीला महिनाभर आधी बोलावून घे, तिच्या तिकिटाचे पैसे त्यातच धरलेत. मुक्ताला शालू तिच्या पसंतीचा घेऊ दे, किमतीकडे बघू नका.

तुमची,
स्मिता